४०० फुटांतल्या शेजाऱ्यांच्या सह्या: सिॲटलच्या ज्यू वृद्धाश्रमाचा खटला काय होता?

जागा स्वतःची, पैसे हातात, नकाशे तयार. बांधायचं काय, तर गरीब म्हाताऱ्या माणसांसाठी आश्रम. तरी महापालिकेने परवाना नाकारला. कारण एकच होतं, शेजाऱ्यांच्या सह्या नाहीत.

१९२० च्या दशकात अमेरिकेतल्या सिॲटल शहरात हे घडलं. तिथल्या झोनिंगच्या नियमानुसार, नियोजित वृद्धाश्रमाच्या ४०० फुटांच्या आत जेवढी मालमत्ता येते, तिच्यापैकी दोन-तृतीयांश मालमत्तेच्या मालकांनी लेखी संमती दिली तरच परवाना मिळायचा. एखाद्याने संमती का दिली नाही, हे त्याला कोणी विचारू शकत नव्हतं. त्याने उत्तरच दिलं नाही, तरी तो नकारच धरला जायचा.

हे प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९ नोव्हेंबर १९२८ रोजी निकाल लागला. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला 'सिॲटल टायटल ट्रस्ट कंपनी विरुद्ध रोबर्ज' या नावाने ओळखला जातो. नावावरून हा बँकेच्या कर्जाचा वाद वाटेल, पण त्यामागे एका ज्यू बाईचं मृत्युपत्र आहे.

कॅरोलाइन क्लाइन गॅलंड यांचं मृत्युपत्र

कॅरोलाइन क्लाइन गॅलंड या सिॲटलमधल्या सधन ज्यू बाई. १९०७ मध्ये त्या गेल्या आणि जाताना आपली संपत्ती वृद्ध आणि दुर्बल गरिबांसाठी घर उभं करायला ठेवून गेल्या. त्यानुसार १९१४ मध्ये आश्रम सुरू झाला. मालमत्तेची व्यवस्था विश्वस्त म्हणून सिॲटल टायटल ट्रस्ट कंपनीकडे होती, म्हणून खटल्यात नाव कंपनीचं आलं. समोरचे रोबर्ज हे शहराच्या बांधकाम खात्याचे अधीक्षक, म्हणजे परवाना देणारे अधिकारी.

आता तो काळ लक्षात घ्यायला हवा. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचा कायदा आला १९३५ मध्ये. त्याआधी ज्याच्याजवळ बचत नाही आणि सांभाळणारं कोणी नाही, अशा म्हाताऱ्या माणसाला शेवटचा आसरा म्हणजे काउंटीचं गरीबघर. तिथे जाणं ही नामुष्की समजली जायची. ज्यू माणसासाठी अडचण आणखी मोठी. तिथे कोशर जेवण मिळणार नाही, शब्बाथ पाळता येणार नाही आणि पूर्व युरोपातून आलेल्या आजीशी यिडिशमध्ये बोलायलाही कोणी नसणार. आपल्याकडे 'वृद्धाश्रम' म्हटलं की मुलांनी टाकून दिलेले आईबाप डोळ्यांपुढे येतात. तिथल्या ज्यू समाजात तेव्हा चित्र उलट होतं. आपल्या म्हाताऱ्यांना गरीबघरात जाऊ न देणं हे समाजाचं कर्तव्य मानलं जायचं आणि आश्रम काढणं हा ते पार पाडण्याचा मार्ग होता.

सिॲटलमध्ये हे एका बाईच्या मृत्युपत्रातून झालं. इतर अनेक शहरांत ते काम बंधुसंघांनी केलं. बंधुसंघ म्हणजे वर्गणी काढून एकमेकांच्या आजारपणाला, मयतीला आणि मागे राहिलेल्या विधवेला आधार देणाऱ्या सभासदांची संघटना. यातली सर्वात नावाजलेली 'ब'नाय ब'रिथ'. १८४३ मध्ये न्यूयॉर्कच्या एसेक्स स्ट्रीटवरच्या एका कॅफेत १२ जर्मन ज्यूंनी ती काढली. सुरुवातीचं काम अगदी साधं होतं. सभासद गेला की त्याच्या विधवेला अंत्यविधीसाठी ३० डॉलर आणि पुढे आठवड्याला १ डॉलर. नंतर या संघाने क्लीव्हलँडमध्ये अनाथालय काढलं, न्यूयॉर्कजवळ यॉंकर्सला आणि दक्षिणेत मेम्फिसला वृद्धाश्रम काढले. जाता जाता एक गोष्ट: 'ब'नाय ब'रिथ' म्हणजे कराराची लेकरं. यातला 'ब'नाय' आणि आपल्या कोकणातल्या 'बेने इस्राएल' मधला 'बेने' हा एकच हिब्रू शब्द आहे.

१४ जणांचं घर ३० जणांचं करायचं होतं

सिॲटलचा आश्रम शहराच्या व्यापारी भागापासून सुमारे ६ मैलांवर होता. सेवर्ड पार्क ॲव्हेन्यू या रस्त्यापासून थेट लेक वॉशिंग्टनच्या काठापर्यंत जाणारी ही जमीन, २६७ फूट रुंद आणि सरासरी ७०० फुटांहून जास्त खोल. सगळी मिळून सुमारे ५ एकर. तिथे मूळचं एक खासगी राहतं घर होतं, त्यात १४ जणांची सोय व्हायची.

विश्वस्तांना हे जुनं घर पाडून त्या जागी सुमारे १ लाख डॉलर खर्चून ३० जणांसाठी आग न लागणारी इमारत बांधायची होती. म्हातारी, अशक्त माणसं आणि जुनं घर, हे गणित बघता 'आग न लागणारी' हा शब्द महत्त्वाचा.

शेजाऱ्यांना त्रास होईल का? निकालपत्रात दिलेली मापं बघा. इमारत रस्त्यापासून २८० फूट आत, तळ्यापासून सुमारे ४०० फूट लांब. एकूण जमिनीच्या फक्त ४ टक्के भागावर बांधकाम. दक्षिणेकडची सर्वात जवळची इमारत ११० फुटांवर, उत्तरेकडची १६० फुटांवर. शिवाय झाडाझुडपांमुळे आश्रमाचा बराचसा भाग दिसणारही नव्हता. मुंबई-पुण्यात दोन इमारतींमधल्या गल्लीतून स्कूटर नेता आली तरी आपण मोकळी जागा म्हणतो. त्या हिशेबाने तर हा आश्रम जंगलातच होता.

अडचण इमारतीत नव्हतीच, नियमात होती. सिॲटलने १९२३ मध्ये झोनिंगचा नियम केला आणि हा भाग 'प्रथम निवासी विभाग' ठरवला. तिथे एका कुटुंबाची घरं, शाळा, चर्च, बागा अशा गोष्टी चालत होत्या. १९२५ मध्ये नियमात दुरुस्ती झाली. मुलांसाठी किंवा वृद्धांसाठीचं धर्मादाय घरही या विभागात चालेल, पण वर सांगितलेल्या सह्या आणल्या तर.

सह्या नाहीत म्हणून अधीक्षकांनी परवाना नाकारला. अधीक्षकांना परवाना देण्याचा आदेश द्यावा म्हणून विश्वस्त कोर्टात गेले. आधी काउंटीच्या सुपीरियर कोर्टात हरले, मग वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातही हरले. (हे वॉशिंग्टन म्हणजे देशाची राजधानी नव्हे. सिॲटल ज्या राज्यात आहे त्याचं नाव.)

झोनिंग म्हणजे काय, आणि तेव्हा वारं कुठे होतं?

झोनिंग म्हणजे शहराचे भाग पाडून कुठे राहती घरं, कुठे दुकानं, कुठे कारखाने हे आधीच ठरवून टाकणं. न्यूयॉर्कने १९१६ मध्ये संपूर्ण शहरासाठी असा नियम केला आणि मग बाकीच्या शहरांनी तोच मार्ग धरला. माझ्या जमिनीवर मी काय बांधावं हे नगरपालिका कोण सांगणार, असं म्हणत जमीनमालक कोर्टात गेले.

त्याचा निवाडा १९२६ मध्ये 'युक्लिड विरुद्ध ॲम्बलर' या खटल्यात झाला. ओहायो राज्यातल्या युक्लिड गावाने एका कंपनीच्या ६८ एकर जमिनीचा वापर मर्यादित केला होता. सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी गावाची बाजू घेतली. न्यायमूर्ती सदरलँड यांनी लिहिलं त्याचा सारांश असा: सार्वजनिक आरोग्य, सुरक्षितता, नीती किंवा लोकहित यांच्याशी नियमाचा काही संबंधच नसेल आणि तो उघडउघड मनमानी असेल, तरच तो रद्द होईल. याच निकालात बंगल्यांच्या वस्तीत घुसणाऱ्या अपार्टमेंट इमारतीला बांडगुळाची उपमा दिली आहे. म्हणजे न्यायालयाचा कल कुणीकडे होता ते लक्षात येईल.

त्यामुळे १९२८ मध्ये सिॲटलचे विश्वस्त सर्वोच्च न्यायालयात पोहोचले तेव्हा वारं त्यांच्या विरुद्ध होतं.

दोन जुने निकाल, दोन वेगळी टोकं

शेजाऱ्यांच्या संमतीचा प्रश्न न्यायालयापुढे याआधी दोनदा आला होता.

पहिला खटला १९१२ चा, व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरातला. तिथे रस्त्यावरच्या दोन-तृतीयांश मालकांनी मागणी केली, तर घरं रस्त्यापासून किती मागे बांधायची याची रेषा आखावीच लागायची. न्यायालयाने हा नियम रद्द केला. काही मालकांनी दुसऱ्या मालकांच्या जमिनीचं भवितव्य ठरवायचं आणि त्याला कसलाही निकष नाही, हे चालणार नाही.

दुसरा १९१७ चा, शिकागोतला. निवासी रस्त्यांवर मोठे जाहिरातफलक लावायला बंदी होती, पण तिथल्या निम्म्याहून अधिक मालकांनी संमती दिली तर लावता यायचे. इथे मात्र न्यायालयाने नियम मान्य केला.

दोन्हीकडे सह्या शेजाऱ्यांच्याच. मग फरक काय? जाहिरातफलकांमुळे आगीचा धोका, मागे कचरा आणि गैरप्रकार होतात, असं न्यायालयाने मानलं होतं. म्हणजे ती वस्तू मुळात उपद्रवी. शहराने ती बंद केली ते रास्तच, आणि ज्यांना उपद्रव होणार तेच 'आमची हरकत नाही' म्हणत असतील तर सूट द्यायला अडचण नाही. आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर 'उभी बाटली, आडवी बाटली'. महिलांच्या मतदानातून दारूचं दुकान बंद करता येतं, ते आपल्याला खटकत नाही, कारण दारूविक्री हा मुळातच सरकारी परवान्यावर चालणारा धंदा. उद्या त्याच पद्धतीने गल्लीतल्या अनाथालयावर मतदान घ्यायचं ठरलं, तर मात्र आपण बिचकू.

सिॲटलपुढचा प्रश्न असा होता: वृद्धाश्रम हा जाहिरातफलकासारखा आहे की घरासारखा?

न्यायालय काय म्हणालं

निकाल विश्वस्तांच्या बाजूने लागला. तो लिहिला न्यायमूर्ती पिअर्स बटलर यांनी. हे बटलर युक्लिडच्या खटल्यात विरोधी मत देणाऱ्या तिघांपैकी एक. पण या वेळी एकाही न्यायाधीशाने वेगळं मत नोंदवलं नाही. युक्लिडचा निकाल लिहिणारे सदरलँडही बटलरांच्या बाजूने होते.

युक्तिवाद साधा आहे, म्हणूनच तो टिकला. शहराने १९२५ मध्ये स्वतःच दुरुस्ती करून सांगितलं की, सह्या असतील तर वृद्धाश्रम या भागात चालेल. म्हणजेच वृद्धाश्रमामुळे आरोग्याला, सुरक्षिततेला किंवा शहराच्या आखणीला धक्का बसतो, असं शहराचंही म्हणणं नाही. इमारत तीच, माणसं तीच, जागा तीच. सह्या मिळाल्या की ती चांगली आणि नाही मिळाल्या की वाईट, असं कसं होईल? उपद्रव होईल असा पुरावा तर कोणी आणलाच नव्हता.

दुसरा मुद्दा जास्त खोल आहे. नगरसेवक किंवा अधिकारी नकार देतो तेव्हा तो त्या पदाला बांधील असतो. त्याला नियम पाळावा लागतो आणि त्याच्या निर्णयाला आव्हान देता येतं. शेजाऱ्याला असं काहीच बंधन नाही. तो स्वार्थापोटी नकार देऊ शकतो, लहर म्हणून देऊ शकतो, सही करायचा कंटाळा आला म्हणूनही देऊ शकतो. त्यावर अपील नाही. सरकारी अधिकाराची किल्ली अशा माणसाच्या हाती देणं हे राज्यघटनेतल्या 'कायद्याच्या योग्य प्रक्रिये'च्या हमीविरुद्ध आहे, असं न्यायालयाने ठरवलं आणि संमतीची अट रद्द झाली.

मला या प्रकरणातली सगळ्यात बोचरी गोष्ट वेगळी वाटते. निकालात आश्रमाच्या ज्यू असण्याची चर्चाच नाही. वाद आहे तो 'धर्मादाय घरा'चा. शेजाऱ्यांनी सह्या का दिल्या नाहीत? म्हातारी माणसं नकोत म्हणून, गरीब नकोत म्हणून, ज्यू नकोत म्हणून, की खरोखर गाड्यांची वर्दळ वाढेल म्हणून? कागदावर यातलं काहीच नाही, कारण नियमाने कारण मागितलंच नव्हतं. त्या काळात सिॲटलच्या काही वस्त्यांमध्ये जमिनीच्या खरेदीखतातच ज्यूंना आणि कृष्णवर्णीयांना जागा विकायची नाही अशा अटी असायच्या. तिथे निदान द्वेष लेखी होता, त्यावर बोट ठेवता यायचं. कोऱ्या संमतिपत्रात तो होता की नव्हता, हे सिद्ध करायला मार्गच नव्हता.

मग शेजाऱ्यांचा अधिकार संपला का?

नाही. तो दुसऱ्या दारांनी आला.

एक दार म्हणजे सार्वमत. ओहायोतल्या ईस्टलेक शहरात असा नियम होता की, जमिनीचा वापर बदलायचा तर मतदानात ५५ टक्के लोकांनी होकार द्यायला हवा. उंच इमारत बांधू पाहणाऱ्या बिल्डरने सिॲटलच्याच निकालाचा दाखला दिला. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. संपूर्ण शहराने मत देणं म्हणजे लोकांनी स्वतःकडे राखून ठेवलेला अधिकार वापरणं. ४०० फुटांतल्या मूठभर मालकांना किल्ली देणं वेगळं. तत्त्व म्हणून हे पटतं. पण ज्याला जागा हवी आहे त्याच्या दृष्टीने नकार तो नकारच, चाळीस शेजाऱ्यांचा असो की चाळीस हजार मतदारांचा.

सहा वर्षांनी मॅसॅच्युसेट्समध्ये उलटं प्रकरण आलं. तिथे ५०० फुटांच्या आतल्या चर्चने किंवा शाळेने हरकत घेतली तर हॉटेलला दारूचा परवाना मिळत नसे. १९८२ मध्ये हा नकाराधिकार रद्द झाला. इथे किल्ली शेजाऱ्याऐवजी धर्मसंस्थेच्या हातात होती, हाच काय तो फरक.

दुसरं दार जास्त वापरातलं: 'विशेष परवाना'. म्हणजे वृद्धाश्रम किंवा वसतिगृह सरसकट बंद नाही, पण प्रत्येक अर्जावर सुनावणी होणार, शेजारी येऊन बोलणार आणि मग मंडळ ठरवणार. १९८५ च्या टेक्सासमधल्या क्लीबर्न खटल्यात हे दिसतं. १३ मतिमंद व्यक्तींसाठी घर काढायचं होतं. शहराने विशेष परवाना मागितला आणि मग नाकारला. दिलेल्या कारणांत आसपासच्या मालकांचा विरोध आणि जवळच्या वृद्ध रहिवाशांना वाटणारी भीती ही दोन होती. न्यायालयाने सांगितलं की, लोकांचा नावडता भाव किंवा निव्वळ भीती हे परवाना नाकारायचं कारण होऊ शकत नाही. गंमत म्हणजे त्याच भागात वृद्धाश्रमाला असा विशेष परवाना लागतच नव्हता. १९२० च्या दशकात ज्यांच्यासाठी सह्या मागितल्या जात होत्या, ती म्हातारी माणसं साठ वर्षांत नको असलेल्यांच्या यादीतून बाहेर पडली होती आणि त्यांची भीती आता दुसऱ्यांना बाहेर ठेवायला वापरली जात होती.

१९८८ मध्ये अमेरिकेच्या गृहनिर्माण कायद्यात दुरुस्ती होऊन अपंगत्वाच्या आधारे भेदभाव करायला बंदी आली. अशक्त वृद्धांच्या अनेक संस्था आता झोनिंगच्या वादात याच कायद्याचा आधार घेतात. दरम्यान बंधुसंघांचं कामही बदललं. ब'नाय ब'रिथने १९७१ पासून सरकारी मदतीने कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठी भाड्याच्या इमारती उभ्या करायला सुरुवात केली. त्यात कोणत्याही धर्माचा माणूस राहू शकतो.

आपल्याकडे काय पद्धत आहे?

महाराष्ट्रात जमिनीचा वापर ठरतो तो १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याखाली. प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की लोकांकडून 'हरकती व सूचना' मागवतात, नियोजन समिती त्यांवर सुनावणी घेते. पेपरात छोट्या टाइपात येणारी ती नोटीस हीच. हरकत घेणाऱ्याला ऐकून घ्यायचं, पण निर्णय त्याचा नाही, अशी ही रचना आहे. सिॲटलच्या नियमात हरकत म्हणजेच निर्णय होता. हाउसिंग सोसायटीची 'एनओसी' अडवून ठेवणाऱ्या सेक्रेटरीचा अनुभव असेल, तर हा फरक किती मोठा आहे हे वेगळं सांगायला नको.

क्लाइन गॅलंड होम आजही सिॲटलमध्ये त्याच सेवर्ड पार्क ॲव्हेन्यूवर आहे. १९२८ मध्ये शहरातले बहुतेक ज्यू तिथून दूर, यस्लर वे आणि चेरी स्ट्रीटच्या आसपास राहायचे. नंतरच्या दशकांत त्यांनी मुक्काम हलवला. आज सेवर्ड पार्क हाच सिॲटलच्या ऑर्थोडॉक्स ज्यूंचा मुख्य भाग आहे आणि आश्रमाच्या परिसरात तीन मोठी सिनेगॉग आहेत.